खुडूक कोंबडीच्या पोटाखालची अंडी खावीत की टाकावीत?

परसदारी

माझी एक तपकिरी कोंबडी खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली आहे. खोक्यापाशी हात नेला की अंग फुगवते, गुरगुरते, चोच मारते. अडचण अशी की बाकीच्या कोंबड्याही त्याच खोक्यात येऊन अंडी घालतात आणि ही बाई ती सगळी पोटाखाली ओढून घेते. मी मध्ये बाहेर होते, घरच्यांनी तिला घाबरून खोक्यात हातच घातला नाही. आता खाली अंड्यांचा ढीग आहे. त्यातलं आजचं कोणतं आणि मागच्या आठवड्यातलं कोणतं, काही कळत नाही. कळपात कोंबडा आहे. पिल्लं सध्या नको आहेत.

ही अंडी खाल्लेली चालतील का? पाण्यात टाकून बघितली, सगळी तळाशी गेली. म्हणजे चांगली ना?

जुनाजाणता

तळाशी गेली म्हणजे ताजी. खुशाल खा. आम्ही आयुष्यभर कोंबडीखालून काढून अंडी खातोय, कोणाला काही झालेलं नाही.

शंकासुर

काका, तुम्ही रोजच्या रोज काढता. त्यांची किती दिवस खाली होती तेच त्यांना माहीत नाही. फरक आहे की नाही?

गुरांचा_डॉक्टर

पाण्याची परीक्षा इथे कामाची नाही. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडतं, आतली हवेची पोकळी मोठी होते आणि अंडं हलकं होतं. पाणी इतकंच सांगतं. उबवणीच्या २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के घटतं, म्हणजे पहिल्या आठवड्यात जेमतेम ४ टक्के. एवढ्या घटीत अंडं तरंगत नाही, फार तर बोथट टोक जरा वर उचलतं. थोडक्यात, आठवडाभर उबवलेलं, आत धडधडतं हृदय असलेलं अंडंसुद्धा तुमच्या भांड्यात शहाण्यासारखं तळाशी जाऊन बसेल.

आणि इथे दोन प्रश्न एकात एक मिसळलेत. 'आत पिल्लू तयार व्हायला लागलंय का' हा एक. 'खाल्लं तर माणूस आजारी पडेल का' हा दुसरा. लोक पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा सुटला असं धरून चालतात. तसं नाही. ज्या अंड्यात कधीच पिल्लू होणार नाही असं अंडंही उबेत राहून खराब होतं, उलट ते जास्त निवांत कुजतं.

परसदारी

बापरे. डॉक्टर, दोन्हींची उत्तरं जरा सविस्तर द्याल का? आणि किती वेळ खाली राहिलं तर चालतं?

गुरांचा_डॉक्टर

देतो. आधी पिल्लाचं.

अंडं कोंबडीच्या पोटातच २४ ते २६ तास तयार होत असतं आणि तिचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम. त्यामुळे फलित अंडं बाहेर पडतं तेव्हाच त्यातल्या गर्भाच्या हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेर येऊन गार झालं की हे काम थांबतं. साधारण २० अंशांच्या खाली वाढ जवळजवळ ठप्प असते. म्हणून तर कोंबडी रोज एक याप्रमाणे अंडी साठवते, पुरेशी झाली की मग बसते, आणि आधीचं-नंतरचं असूनही पिल्लं जवळपास एकदम निघतात. तोवर ती अंडी म्हणजे नुसती अंडी.

ती दिवसरात्र बसायला लागली की अंडं ३७-३८ अंशांवर जातं आणि घड्याळ सुरू होतं. पहिल्या दिवसाअखेर अंडं फोडलं तर बलकावरचा पांढरा ठिपका पसरून नखाएवढा फिकट गोल झालेला दिसेल. न सांगता दिला तर बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. दुसरा दिवस सरता सरता हृदयाचे ठोके सुरू होतात. तिसऱ्या दिवशी बलकावर लाल रेषांचं जाळं स्वच्छ दिसतं, तिथे कोणाला शंका राहत नाही. पाचव्या दिवशी डोळ्याचा काळा टिंब.

म्हणून खालचं अंडं त्याच दिवशी काढलं, तर फलित असो नसो, चव, रंग, पोषण कशातही फरक पडत नाही. २४ तासांच्या आतलं मी स्वतः खातो. दुसऱ्या दिवसाचं खात नाही. त्याने माणूस मरतो असं मुळीच नाही, पण पुढचा मुद्दा आहे ना, त्यासाठी.

मोजूनमापून

पुढचा मुद्दा मी घेऊ का डॉक्टर? हा माझा आवडता विषय आहे.

अंड्याला जंतूंपासून वाचवणारी मांडणी फार सुंदर आहे. सर्वांत बाहेर ओलसर असताना चढलेला आणि सुकलेला पातळ लेप, तो छिद्रं बुजवतो. मग कवच. कवचाच्या आत दोन पापुद्रे. मग पांढरा बलक, जो जंतूंच्या दृष्टीने वाळवंट आहे: त्यातलं लायसोझाइम जंतूंच्या भिंती फोडतं, दुसरं एक प्रथिन सगळं लोह धरून ठेवतं आणि लोहाशिवाय जंतूंना वाढता येत नाही. सगळी मेजवानी आहे पिवळ्या बलकात, आणि तो एका नाजूक पिशवीत बंद.

आता हे सगळं ३८ अंशांवर ठेवा. पांढरा बलक पातळ होतो, पिवळ्याची पिशवी सैल पडते, लोह आणि अन्न बाहेर झिरपायला लागतं. पांढऱ्यात कसाबसा जीव धरून बसलेला एखादा जंतू असेल तर त्याला दार उघडं. त्यात साल्मोनेला हा ३७ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने वाढणारा जंतू, म्हणजे कोंबडीचं पोट त्याला अगदी मानवतं. त्याची एक जात, एंटेरिटिडिस, निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात उतरू शकते, म्हणजे कवच कितीही स्वच्छ असलं तरी. अशी अंडी फार थोडी असतात. पण गार जागेतल्या अंड्यात दोनचार जंतू असणं वेगळं आणि आठवडाभर उबेत त्यांची वस्ती होणं वेगळं.

जुनाजाणता काकांना 'काही झालं नाही' याचं कारण हेच, ते रोज काढतात आणि शिजवून खातात.

जुनाजाणता

हो, रोज काढतो. ते लिहायचं राहिलं. दोन दिवसांपूर्वीचं मीही खात नाही, कोण कशाला खाईल. पण एक सांगतो, टॉर्च लावून बघा. अंधाऱ्या खोलीत अंड्याचं बोथट टोक मोबाईलच्या टॉर्चवर घट्ट धरायचं. पांढऱ्या कवचात चौथ्या दिवशी कोळ्यासारखं दिसतं, मधे टिंब आणि आठ दिशांना पाय. तपकिरी कवच असेल तर सहा-सात दिवस तरी जावे लागतात. सगळं अंडं पिवळंधमक उजळलं तर आत काही नाही.

शंकासुर

म्हणजे उजळलं तर खायचं?

गुरांचा_डॉक्टर

नाही! नेमका इथेच घोळ होतो. उजळलेलं अंडं म्हणजे 'गर्भ दिसत नाही' इतकंच. ते अफलित असू शकतं, एक-दोन दिवसांचं असू शकतं, गर्भ पहिल्याच दिवशी मेला असेल तर तेही तसंच दिसेल. आतले जंतू टॉर्चला दिसत नाहीत. आणि कवचाखाली एक लाल कडी दिसली, तर गर्भ सुरू होऊन मेलेला आहे. ते पहिल्यांदा बाहेर काढा.

बिनकोंबड्याची

माझ्याकडे कोंबडा नाहीच. चारही माद्या. तरी एक खुडूक बसलीच आहे आणि दहा-बारा दिवस उठायला तयार नाही. माझी अंडी तर अफलित, मग ती खाली कितीही दिवस राहिली तरी बिघडायचं काय?

मोजूनमापून

वर लिहिलेलं सगळं फलित-अफलित दोन्हींना लागू आहे. पांढरा बलक पातळ होणं, पिशवी सैल पडणं, जंतू वाढणं, यातल्या कशालाही कोंबडा लागत नाही. फक्त ते लाल जाळं तुमच्या अंड्यात दिसणार नाही, त्यामुळे नजरेला सावध करणारी खूणही नाही. दहा दिवस ३८ अंशांवर ठेवलेलं अंडं तुम्ही ओट्यावर ठेवलेलं असतं तर खाल्लं असतं का? कोंबडी वर बसली म्हणून ते वेगळं होत नाही.

कोंबडा नाही म्हणजे कधीपासून नाही, तेही बघा. मादीच्या शरीरात कोंबड्याचं बीज साठवायच्या बारीक नळ्या असतात, कोंबडा गेल्यावर दोन-तीन आठवडे फलित अंडी येऊ शकतात.

बिनकोंबड्याची

पहिल्यापासून नाही. पण मुद्दा पोचला. टाकते.

रानवाट

थोडी कायद्याची भर. उबवणीच्या यंत्रात काही दिवस ठेवून 'यात पिल्लू नाही' म्हणून बाहेर काढलेली अंडी विकायला परवानगी असावी असं वाटेल, वाया कशाला घालवायची. पण अमेरिकेच्या १९७० च्या अंडी-तपासणी कायद्यात अशा अंड्यांना थेट खाण्यासाठी बंदी असलेल्या गटात टाकलंय, फुटक्या-गळक्या आणि नासक्या अंड्यांच्या पंगतीत. त्यांनी अंडं फलित आहे की नाही हे विचारलेलंच नाही. उबेत राहिलंय, एवढं पुरे.

हिरवळ

फलित अंडं खाणं म्हणजे जीव खाणं नाही का? कोणीच बोलत नाही यावर.

परसदारी

हिरवळ, त्यावर वेगळा धागा काढा ना प्लीज. इथे मला आजच्या ढिगाचं काय करायचं ते ठरवायचंय.

शंकासुर

+१. पोपकॉर्न घेऊन तिकडे येतो.

दोनचार_कोंबड्या

एक शंका. फोडल्यावर बलकावर लाल ठिपका दिसतो, तो म्हणजे गर्भच ना? आम्ही असं अंडं लगेच फेकतो.

गुरांचा_डॉक्टर

नाही. अंडं तयार होताना अंडाशयातली किंवा वाटेतली एखादी केशवाहिनी फुटली की रक्ताचा थेंब बलकाला चिकटतो. अफलित अंड्यातही येतो. खायला हरकत नाही, नको वाटला तर सुरीच्या टोकाने काढा. गर्भाच्या वाहिन्या थेंबासारख्या नसतात, त्या एका केंद्रातून फांद्या फुटल्यासारख्या पसरतात. एकदा शेजारी-शेजारी बघितलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

फलित-अफलितही फोडल्यावर कळतं. बलकावरचा पांढरा ठिपका नीट बघा. अफलित असेल तर लहान, कडा वेड्यावाकड्या, भरीव पांढरा. फलित असेल तर मोठा आणि गोल, मधला भाग फिका व भोवती पांढरी कडी. बलक हळूच फिरवावा लागतो, ठिपका बहुधा वर येतो.

परसदारी

म्हणजे माझ्या ढिगाचं, एक एक फोडून बघू? वाटीत फोडायची आणि ठिपका छोटा असेल ती वापरायची?

मोजूनमापून

ताई, ढीग टाका. खरंच. आठवडाभराची मिसळण आहे, खूण एकावरही नाही, पाण्याने आणि टॉर्चने उत्तर मिळत नाही हे वर आलंच. एकेक फोडून 'हे चालेल, हे नाही' करत बसण्यात मिळणार काय, चार ऑम्लेटं?

जुनाजाणता

इथे मी थोडा वेगळा. आजची ओळखता येतात. खुडूक बसलेली कोंबडी काही दिवसांत स्वतः अंडी घालायचं बंद करते, म्हणजे वरचेवर पडणारी सगळी दुसऱ्यांची. कवचाचा रंग-आकार आपल्याला कोंबडीगणिक माहीत असतो. शिवाय पोटाखाली दिवस काढलेलं अंडं गुळगुळीत होतं, चकाकतं, तिच्या पंखांचं तेल लागतं. ताज्यावर तो खरखरीत, पिठूळ थर असतो. बोट फिरवून बघा.

गुरांचा_डॉक्टर

चकाकीचं निरीक्षण बरोबर आहे काका. पण तीन दिवसांचं आणि एक दिवसाचं त्यावरून सुटणार नाही. मीही मोजूनमापून यांच्याच बाजूने. घरात लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर चर्चाच नको.

टाकताना मात्र एक सांभाळा. जुन्या ढिगात एखादं नासकं निघतंच. आत वायू साठलेला असतो आणि हातात फुटतं. कवचावर ओलसर मणी आलेत, रंग राखाडी पडलाय, हलवल्यावर पाणी डचमळल्यासारखं वाटतंय, असं अंडं हलवत बसू नका, पिशवीत घालून खड्ड्यात पुरा. खोक्यातच फुटलं तर तो चिखल बाकीच्या अंड्यांच्या छिद्रांतून आत जातो, मग सगळीच गेली.

दोनचार_कोंबड्या

आमच्याकडे फुटलंय असं एक. पुढचे दोन दिवस खुराड्याकडे कोणी फिरकलं नव्हतं, कोंबडीसुद्धा.

परसदारी

पटलं, टाकते. मग इथून पुढे काय करायचं? बाकीच्या तिच्याच खोक्यात घालणार, हे तर रोजचं आहे.

जुनाजाणता

पिल्लं काढायची असतील तर जी अंडी तिला रवणीला (उबवायला) द्यायची ती ठरवा, प्रत्येकावर पेन्सिलने चारी बाजूंनी रेघ ओढा. पेन नको, शाई आत जाते. सगळी एकाच दिवशी ठेवा. मग रोज संध्याकाळी हात घालून बिनरेघेचं जे सापडेल ते उचला. ते त्या दिवसाचंच, बिनधास्त खा. रेघ नेहमी सगळीकडून हवी, कारण ती अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलटवते, एका बाजूची खूण खाली गेली की शोधत बसाल.

पिल्लं नको असतील तर तिला उठवा.

शंकासुर

अंडी काढून घेतली की उठतेच ना आपोआप?

जुनाजाणता

हॅ. रिकाम्या खोक्यावर बसते, दगडावर बसते. मी एकीला बटाट्यावर बसलेलं पाहिलंय.

गुरांचा_डॉक्टर

प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा खेळ आहे, तिच्या हट्टाचा नाही. पोटाला खालून ऊब मिळत राहिली की ते टिकतं. म्हणून पोट गार करायचं. खाली जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून उचलून ठेवा म्हणजे खालून वारा लागेल. आत भुसा-गवत काही नाही, दाणापाणी भरपूर, जागा उजेडाची, सावलीची. तीन-चार दिवसांत बहुतेक सुटतात. बाहेर सोडल्यावर थेट खोक्याकडे पळाली तर परत आत. पाण्यात बुचकळणं वगैरे करू नका, उगाच छळ.

आणि हे लांबणीवर टाकू नका. खुडूक असताना ती दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते, खाणं नावापुरतं, तुरा फिका पडतो, अंगातलं वजन उतरतं. खाली पिल्लं निघाली तर २१ दिवसांनी सुटका आहे. खाली काही निघणारच नसेल तर ती पुढेही बसून राहते.

दोनचार_कोंबड्या

रोजची काढलेली धुवून ठेवायची का? तिच्या खोक्यात घाण असते जरा.

मोजूनमापून

शक्यतो धुऊ नका, तो लेप जातो. सुक्या कापडाने पुसा. फारच घाण असेल तर धुवा, पण पाणी अंड्यापेक्षा कोमट हवं आणि लगेच वापरा. पोटाखालून काढलेलं गरम अंडं गार पाण्यात टाकलं की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं घाणेरडं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. सगळ्यांत चुकीची पद्धत तीच आणि सर्रास तीच वापरतात.

मग फ्रिजमध्ये. तिथे गर्भही थांबतो आणि जंतूही जवळपास थांबतात. पण दोन दिवस उबेत राहिलेलं फ्रिजमध्ये टाकलं म्हणजे घड्याळ मागे फिरलं असं नाही.

रानवाट

कडक उन्हाळ्यात कोंबडी बसलेली नसली तरी हेच लागू होईल ना? पत्र्याखालचं खुराडं दुपारी ३५-३८ सहज जातं.

गुरांचा_डॉक्टर

होय, चांगला मुद्दा. फलित अंड्यातली वाढ अर्धीमुर्धी, वेडीवाकडी सुरू होते आणि मग मरते. अशा दिवसांत दोनदा गोळा करा, एकदा दुपारच्या आधी. आणि तेव्हा अर्धकच्चं, वाहता बलक वगैरे नको. दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवा, आत ७१ अंश गेलं की साल्मोनेला संपला. मात्र आधीच नासलेलं अंडं शिजवून चांगलं होत नाही, हेही तितकंच.

बदकवाला

बदकांनाही हेच का? माझी मादी २८ दिवस बसते.

गुरांचा_डॉक्टर

तत्त्व तेच. गर्भ थोडा सावकाश वाढतो, म्हणून चौथ्याऐवजी पाचव्या-सहाव्या दिवशी टॉर्चला दिसेल. पण बदकं ओल्या-चिखलात अंडी घालतात, कवच बहुतेकदा घाण असतं, त्यामुळे मी जास्त कडक राहीन. रोज सकाळी उचला.

परसदारी

ढीग पुरला. एक हातात घेताच चिरलेलं निघालं, वासावरून सगळा वाद मिटला असता. बाईसाहेबांना जाळीच्या पिंजऱ्यात टाकलंय, फार शिव्या देतेय. एक राहिलं: टाकायची अंडी उकडून कोंबड्यांनाच घातली असती तर?

गुरांचा_डॉक्टर

ताजी पण जास्त झालेली, तडा गेलेली, ती कडक उकडून कवचासकट कुस्करून घाला, उत्तम खाद्य आहे. आठवडाभर उबेतली, ज्यात नासकी असू शकतात, ती नाही. कच्ची तर कधीच नको, चटक लागते आणि मग घातलेलं अंडं स्वतःच फोडून खायला लागतात.